दिवा कुणी धरला होता?

मालवणहून परत आले त्या रात्री मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि घरच्यांना हाका मारल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपली मुलगी समुद्राच्या तळाशी जाऊन आली, हे आईबाबांना दाखवायचं होतं. आईनं गवारीची परात बाजूला सारली. बाबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर आधी हिरवट अंधार आला आणि मग बर्फ पडायला लागला. पांढरे, फुगलेले ठिपके, हजारोंनी, सगळे आमच्याच अंगावर येणारे. त्यांच्या पलीकडं कुठंतरी एक मासा होता. तो होता हे मला माहीत होतं, म्हणून मला दिसला.

"समुद्रात बर्फ पडतो का गं?" आईनं विचारलं.

बाबा काही वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिवा कुणी धरला होता?"

"कुणी नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला होता."

"मग असंच दिसणार." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

बाबांचा बडोद्याच्या दांडिया बाजारात फोटो स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बडोद्यात लग्नाच्या 'व्हिडिओ शूटिंग'ची लाट आली तेव्हा त्यांनी कर्ज काढून खांद्यावरचा कॅमेरा घेतला आणि त्याच्यासोबत एक माणूसही ठेवला. तेच आमचे लाईटकाका. आम्हा मुलांना त्यांचं खरं नाव फार उशिरा कळलं आणि इथं ते सांगायचं काही कारण नाही. हजार वॅटचा हॅलोजन, मागं वायरीचं भेंडोळं, हातात फडकं गुंडाळलेली मूठ. मांडवाचं कापड आणि दिवा यांच्यात अंतर ठेवायचं, नवरीच्या डोळ्यांत तिरीप जाऊ द्यायची नाही आणि बाबा जिकडं वळतील तिकडं त्यांच्या आधी पोचायचं, हे सगळं ते न बोलता करत. सुटीत मीही जायची, वायर गुंडाळायला. मजुरी म्हणजे पंगतीत बाबांच्या शेजारचं पान आणि बासुंदीची दुसरी वाटी.

कामाची खरी परीक्षा असायची होमाच्या वेळी. बंद हॉल, ओल्या समिधा, वर तुपाची धार, आणि पाच मिनिटांत वधूवर धुरात बुडालेले. दुसऱ्या स्टुडिओचे लोक कॅमेऱ्यावरच छोटा दिवा चढवून यायचे. त्यांच्या कॅसेटमध्ये होम म्हणजे पांढरी भिंत आणि त्या भिंतीतून येणारा भटजींचा आवाज. आमचे लाईटकाका मात्र बाबांच्या शेजारून निघून जायचे. नवरीच्या मामांना जरा सरकायला सांगून, होमकुंडाच्या बाजूनं, हात पूर्ण ताणून दिवा उंच आणि तिरका धरायचे. आमच्या कॅसेटमध्ये धूर असायचा, पण चेहऱ्यांवर नसायचा. लोक म्हणायचे, तुमचा कॅमेरा भारी आहे. बाबा ते ऐकून घ्यायचे. एक-दोनदा लाईटकाकाही तिथंच उभे होते.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी होमाजवळ उभी राहून ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शिवाय मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तरीही समुद्रात जाताना मी दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला, कारण दुकानातल्या डब्यावर तसंच चित्र होतं.

पाण्याखाली दिवा लागतो तो अंधार असतो म्हणून नव्हे. दुपारी बारा वाजता दहा मीटर खाली वाचता येईल इतका उजेड असतो. पण त्या उजेडातून लाल रंग गेलेला असतो. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवरच तो मावळायला लागतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा, आणि उरतो तो निळा-हिरवा. खाली बोट कापलं तर रक्तसुद्धा काळपट हिरवं दिसतं. वरून येणाऱ्या उजेडात जो रंग उरलेलाच नाही तो कितीही चांगल्या कॅमेऱ्याला कुठून दिसणार? म्हणून पांढरा दिवा आपल्यासोबत न्यायचा. त्यातही गोम अशी की त्या दिव्याच्या प्रकाशालाही पाण्याचा तोच कर भरावा लागतो, तोही जाताना एकदा आणि येताना एकदा. दिव्यापासून माशापर्यंत आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत, दोन्ही अंतरं मोजायची. त्यामुळं दिव्याचा खरा उपयोग हाताच्या अंतरापर्यंत, फार तर त्याच्या दुपटीपर्यंत. पलीकडचा मासा निळाच राहतो, मग दिवा कितीही हजार ल्युमेनचा असो.

आणि मधे असतो तो गाळ. मालवणचं पाणी म्हणजे पोस्टकार्डावरचं पाणी नव्हे. कोकणात पावसाळाभर डायव्हिंग बंद असतं. नंतर सुरू झालं तरी भरती-ओहोटी, नदीचं पाणी, तरंगणारे सूक्ष्म जीव, दुसऱ्या कुणाच्या फिन्सनी (पोहताना पायात घालायच्या रबरी वल्ह्यांनी) उडवलेली वाळू हे सगळं कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये लोंबकळत असतं. भिंगाला चिकटून दिवा असला की या प्रत्येक कणाची आपल्याकडं असलेली बाजू उजळते आणि सरळ भिंगात येते. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. होडीवरची पोरं नुसतं 'कचरो' म्हणतात, ते मला जास्त पटतं. गोध्र्याच्या रस्त्यावर धुक्यात गाडीचा हाय बीम मारला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, तोच हा प्रकार. आजी कंदील घेऊन परसात जायची तेव्हा तो गुडघ्याच्या खाली आणि बाजूला धरायची. डोळ्यापुढं धरला की आपणच आंधळे होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी बाजवाड्यात लाईटकाकांकडं गेले. वय पंचाहत्तरच्या पुढं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात मात्र तसेच, लांब आणि शिरा वर आलेले. मी फोनवर माझा बर्फ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, बाबांसारखा मधेच सोडला नाही.

"धूर आहे," ते म्हणाले.

"पाणी आहे, काका."

"तेच म्हणतोय मी."

मग त्यांच्या नातवाची रिकामी माशांची पेटी निघाली. काचेची, दोन बादल्या पाणी मावेल एवढी. आत तळाशी मी स्टीलचं भांडं ठेवलं, त्याला मासा समजायचं. पाण्यात चमचाभर दूध घातलं. काकूंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि "दूध नासवा आता," एवढंच म्हणाल्या. खोलीत अंधार केला. फोन काचेला लावून मी धरला आणि दोन टॉर्च काकांच्या हातात दिले.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते इतकी वर्षं अपवर्तन आणि विकिरण शिकवून कधी पाहिलं नव्हतं. टॉर्च फोनला चिकटून असला की सगळी पेटी दुधाळ व्हायची. वीतभर बाजूला नेला की मधला दुधाळ पट्टा विरायचा. दोन वितींवर भांड्याच्या कडा उमटायच्या. काकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. त्यांनी टॉर्च भांड्यावर रोखायचं सोडून बाहेरच्या बाजूला वळवले, जणू भांड्याशी त्यांचं काही देणंघेणंच नाही. झोताचा मधला प्रखर गोळा भांड्याला चुकवून निघून गेला आणि नुसती कड भांड्यावर पडली. फोन आणि भांडं यांच्यामधलं पाणी काळं राहिलं. भांडं मात्र लखलखलं.

"कडेनं घे," ते म्हणाले. "मधला उजेड वाया गेला तर जाऊ दे."

अनुभवी डायव्हर हेच सांगतात. दिवे भिंगाच्या रेषेच्या जरा मागं, दोन्हीकडं लांब आणि किंचित बाहेर वळवलेले ठेवायचे. त्यामागचं एक कारण तर माझ्याच धड्यातलं होतं. पाण्यातून मास्कच्या सपाट काचेत येताना किरण वाकतात, म्हणून पाण्यातली वस्तू असते त्याच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासते. मासा चार फुटांवर असेल तर मला तो तीन फुटांवर वाटतो. मी डोळ्यांवर विश्वास ठेवून दोन्ही झोत तिथं रोखले, तर ते माशाच्या एक फूट अलीकडं एकमेकांना छेदणार आणि नेमका मधला गाळ उजळवणार. दरवर्षी मी फळ्यावर पाण्यातलं नाणं काढते. ते वर आलेलं दिसतं असं सांगून पाच गुणांचा प्रश्न देते. समुद्रात मी त्याच नाण्यावर दिवा मारत होते.

आता प्रश्न उरला हातांचा. लग्नात दिवा धरायला माणूस होता. खाली तो माणूस धातूचा करावा लागतो. बाजारात त्याचा सगळा सरंजाम मिळतो. हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या पेटीच्या, तळाला स्क्रूनं बसणारा ट्रे, त्याच्या दोन टोकांना मुठी, मुठींच्या डोक्यावर इंचभर व्यासाचे गोळे, मग गोळ्याला गोळा पकडणारे फुलपाखरासारखे क्लॅम्प, मग आर्म, पुन्हा गोळा, पुन्हा क्लॅम्प आणि टोकाला दिवा. खांदा, दंड, कोपर, मनगट. दोन-दोन आर्म जोडले की हात सरळ करता येतो, दुमडता येतो, जवळ घेता येतो. गोगलगाईएवढ्या जिवाचं चित्रण करायचं तर दिवे भिंगाच्या गालाशी आणायचे, अख्खा खडक घ्यायचा तर पंख पसरायचे. आपल्या अंगाला आहे तेच विकत घ्यायचं, आणि किंमत ऐकल्यावर मला आपल्या अंगाचाच आदर वाटायला लागला.

मी बडोदेकर असल्यानं मकरपुऱ्याला गेले. तिथल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अशा गल्ल्या आहेत जिथं तुम्ही मोडलेलं काहीही दाखवा, संध्याकाळपर्यंत त्याची जोडी मिळते. लेथवाल्यानं ॲल्युमिनियमचा गोळा बघितला, कॅलिपर लावला आणि "थई जशे, बेन" म्हणून माझ्याकडं बघणं बंद केलं. चार दिवसांत ट्रे, चार आर्म, सहा क्लॅम्प. गोळ्यांना खाच पाडून तिच्यात रबराची ओ-रिंग बसवली, म्हणजे क्लॅम्प आवळला की गोळा घसरत नाही. हे काम इतकं सुबक झालं की मी ते दोन दिवस दिवाणखान्यात मांडून ठेवलं होतं.

मग घोडचुका. पहिली तरंगण्याची. कॅमेरा, दोन दिवे, सगळं धातूकाम पाण्यात जड होतं. हातात जड वस्तू घेऊन पोहणाऱ्याचं मनगट दहा मिनिटांत भरून येतं, चित्र हलतं आणि खालचं प्रवाळ मोडतं. म्हणून आर्मना काहीतरी हलकं बांधायचं. मी पोहणं शिकवणारे वापरतात तो फोमचा लांब नळा कापून आर्मवर चढवला. तरणतलावात झकास. पण फोम म्हणजे कोंडलेली हवा, आणि दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. हवा निम्म्यात दबते, फोम आक्रसतो आणि वर हलका असलेला रिग, म्हणजे कॅमेऱ्यासकट हा सगळा सांगाडा, खाली पुन्हा दगड होतो. हा धडाही मीच शिकवते. शेवटी नळकामाच्या दुकानातून पीव्हीसीचा जाड पाइप आणला, वीतभर तुकडे कापले, दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवल्या. पाइप दबत नाही, म्हणून त्याची तरंगण्याची ताकद खालीही तेवढीच राहते.

ताकद मोजायला मोरीतला मोठा टब आणि आईचा रद्दीवाल्यासाठी ठेवलेला स्प्रिंगचा काटा. काट्याला रिग टांगायचा, टबात बुडवायचा, आकडा बघायचा, पाइपचा तुकडा जोडायचा, पुन्हा बघायचं. काटा शून्याच्या जरा वर थांबेपर्यंत. आठवडाभर मोरी माझी होती. बाबा दाराशी येऊन म्हणायचे, "आज किती भरलं?" जणू मी वांगी तोलत होते.

दुसरी चूक स्क्रूची. ट्रे ॲल्युमिनियमचा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ती बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते बिचारं ॲल्युमिनियम. पहिल्याच खेपेनंतर मी रिग नीट भिजवून ठेवला नाही, तसाच पिशवीत कोंबून बडोद्याला आणला. महिन्याभरानं स्क्रूभोवती पांढरी पूड आणि स्क्रू जागचा हलेना. मकरपुऱ्याच्या त्याच माणसानं तो ड्रिल करून काढला. त्यानं विचारलं, "आ शुं कर्युं?" मी म्हटलं, दर्यो. तो हसला. बडोद्यात समुद्रामुळं गंजलेली वस्तू घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा मीच भेटले असेन. आता स्क्रूला ग्रीस लावते, ट्रेला ॲनोडायझिंग (झीज रोखणारा थर) करून घेतलं आहे आणि प्रत्येक बुडीनंतर सगळं गोड्या पाण्यात तासभर भिजवते.

बडोद्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असं मलाही लोक विचारतात. आमच्याकडं विश्वामित्री नदी आहे, तिच्यात मगरी आहेत आणि पाणी असं की मगर दोन हातांवर असली तरी दिसू नये. पण गायकवाडांच्या राज्याला समुद्र होता. ओखामंडळ आणि बेट द्वारका बडोदा संस्थानात होती. जेम्स हॉर्नेल नावाच्या शास्त्रज्ञानं ओखामंडळच्या सागरी जीवसृष्टीवर बडोदा सरकारसाठी अहवाल तयार केला, त्याचे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली लंडनला छापले गेले. स्पंज, खेकडे, शिंपले, सगळ्याची टिपणं. मालक कोण, तर कोरड्या बडोद्यातलं सरकार. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा प्रचंड सांगाडा मांडला आहे. शाळेच्या सहलीत प्रत्येक बडोदेकर पोर त्याच्या फासळ्यांखालून मान वर करून चालतं. माझी समुद्राशी पहिली भेट तीच. पाणी नव्हतं, हाडं होती.

आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले. बाबांच्या स्टुडिओत त्यांचा एक जुना फोटो हार घालून टांगलेला होता, गणपतीच्या शेजारी. बाबा धंद्याला सुरुवात करताना दोघांनाही उदबत्ती ओवाळत.

या वाचनाच्या नादात मला लुई बुताँ सापडले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथं, १८९३ साली, या जीवशास्त्रज्ञानं पाणबुड्याचा जड पोशाख घालून समुद्राखाली फोटो काढले. कॅमेऱ्याची पेटी भावाच्या मदतीनं बनवली. उजेडासाठी प्राणवायू भरलेलं पिंप, त्याच्यावर काचेचा घुमट, आत स्पिरिटचा दिवा आणि त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायची. म्हणजे कॅमेरा एक आणि दिवा पिंपाएवढा. १९२६ साली अमेरिकेत लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, एका हॉगफिशचा. तो पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आला. त्यांचा फ्लॅश तर पाण्यात नव्हताच. वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पसरलेली, खालून कळ दाबली की वर भडका. त्या पुडीनं लाँगली एकदा चांगलेच भाजले होते. मी हे लाईटकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आपला उजवा अंगठा पुढं केला. हॅलोजनच्या काचेनं उमटलेला पांढरा डाग अजून तिथं आहे.

फेब्रुवारीत पुन्हा मालवण. कुडाळला उतरून रिक्षा, रात्री खोलीवर पोचल्यावर आधी जमवाजमव. हाउसिंगची ओ-रिंग काढायची, धागे न सोडणाऱ्या फडक्यानं पुसायची, बोटावर मोत्याएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन तिच्यावरून फिरवायचं. ग्रीसनं पाणी अडत नाही. ते काम रबराचं आहे, ग्रीस फक्त त्याला मऊ ठेवतं. आईला हे एका वाक्यात कळलं होतं: "कुकरची रिंगच की." फरक इतकाच की कुकरमध्ये दाब आतून बाहेर असतो. हाउसिंग खोलीतल्या एसीत, कोरड्या हवेत बंद करायचं, आत सिलिका जेलची पुडी टाकायची. होडीवर दमट हवेत बंद केलं तर खाली थंडाव्यानं आतून काचेवर बाष्प धरतं आणि सगळी मेहनत धुक्यात जाते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांजवळ उतरलो. कॅमेऱ्याची दोरी जाकिटाच्या कडीला अडकवलेली. आणि हातातून रिग वर निघाला. मी खाली दाबतेय, तो वर जातोय. टबात काटा शून्यावर आणलेला रिग! दोन मीटरवर लोंबकळत असताना उत्तर सुचलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं. रिग तीन लिटर पाणी बाजूला सारत असेल तर पंचाहत्तर ग्रॅमचा जादा धक्का. मोरीत बडोद्याच्या नळाचं पाणी होतं. दुसऱ्या बुडीला मी ट्रेच्या खाली स्टीलचे जाड नट दोरीत ओवून बांधले आणि पोरटं शांत झालं.

पण पहिल्या बुडीतच उजवा दिवा गेला. आधी मिचमिचला, मग काचेच्या आत पाण्याची रेघ दिसली आणि बंद पडला. वर आल्यावर उघडला तर ओ-रिंगवर एक पांढरा केस, माझाच. बॅटरी लगेच काढून बाजूला ठेवली, कारण लिथियम आणि खारं पाणी होडीवर एकत्र नको. कुणाला दोष देणार? रात्री खोलीत पंख्याखाली केस मोकळे सोडून बसले होते.

दुसऱ्या बुडीत डाव्या एकाच दिव्यावर मी पुढं गेले. खडकाच्या कपारीत एक गोब्रा मासा तोंड उघडं टाकून बसला होता. त्याच्या वरच्या अंगाला खडकावर करडा, चेहरा नसलेला फुगवटा. मी दिवा बाजूनं वर नेला, बाहेर वळवला, कडेनं घेतलं. आणि तो करडा फुगवटा शेंदरी झाला. शेंदूर फासलेला दगड असतो ना पारावर, अगदी तसा. स्पंज होता तो. झोत हलवला की परत करडा, आणला की शेंदरी. मी चार-पाच वेळा केलं. गोब्र्याला त्याचं काही नव्हतं.

मागून टाकीवर टकटक झाली. इन्स्ट्रक्टरनं आपल्या गेजवर, म्हणजे टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर, बोट ठेवून माझ्याकडं पाहिलं. माझं गेज मी किती वेळ पाहिलं नव्हतं कुणास ठाऊक. हवेचा दाब शंभर बारवर आल्यावर कळवायचं ठरलं होतं, काटा सत्तरवर होता. तिथंच बुडी संपली. होडीवर त्यानं शांतपणे ऐकवलं, "म्याडम, कॅमेरो हातात इलो काय माणसाक हवेची आठवण रवत नाय." मी मान खाली घातली. रिगमध्ये मन गुंतलं की पाण्याची खोली, हवा, जोडीदार, तिन्ही सुटतात. म्हणूनच नव्या डायव्हरला आधी हातात काही न घेता बुड्या मारायला सांगतात. आता मी मनगटावर घड्याळाची टिकटिक लावते, दर तीन मिनिटांनी गेज बघायला.

बडोद्याला आल्यावर ते चित्रण आईबाबांनी पाहिलं. आईनं शेंदरी दगडाला हात जोडले, सवयीनं. बाबांनी चष्मा काढला नाही.

रविवारी बाजवाड्यात गेले. लाईटकाकांनी फोन हातात घेतला, डोळ्यापासून लांब धरला, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पाहिलं. दोनदा मागं नेऊन पाहिलं.

"उजवीकडनं अंधार ठेवलास ते बरं केलंस," ते म्हणाले. "नाहीतर तो गोल दिसला नसता, चपटा दिसला असता."

केसाचं मी काही सांगितलं नाही.

"पण दिवा अजून वर पाहिजे होता. इथं, याच्या डोक्यावर. तुझा तो लोखंडाचा हात तिथं पोचला नाही."

"नाही पोचला. पाण्यात तिथं कोण उभं राहणार, काका?"

त्यांनी फोन परत दिला. काकूंनी चहा आणून ठेवला होता, त्यांनी बशीत ओतला.

"मला पोहता येतं," ते म्हणाले. "वाडीतल्या विहिरीत शिकलोय. किती वेळ राहावं लागतं खाली?"